ओसाड खाणभूमीवरील हिरवळीची कसोटी

खाणींनी उद्ध्वस्त केलेल्या भूमीवर वनस्पतिजीवन पुन्हा कसे उभे करावे, या प्रश्नाला शास्त्रीय बैठक देणाऱ्या ग्रंथांत ए. डी. ब्रॅडशॉ व एम. जे. चॅडविक यांच्या १९८० साली प्रसिद्ध झालेल्या ‘द रिस्टोरेशन ऑफ लँड’ या ग्रंथाचे स्थान अग्रेसर आहे. केवळ लागवडीच्या कृतींचा संग्रह म्हणून तो वाचला, तर त्यातील मर्म मात्र हाती लागत नाही.

ओसाड भूमी मृत नसून दरिद्री असते, आणि तिची नेमकी उणीव ओळखली की उपाय सापडतो, ही ग्रंथकारांची मूळ धारणा होय. इंग्लंडातील कॉर्नवॉल परगण्यात चिनी मातीच्या खाणींपाशी पांढऱ्या वाळूच्या टेकड्या साचल्या आहेत. त्या वाळूत विषारी असे काही नाही. उणीव मुख्यतः नायट्रोजनाची. खत घातले की गवत उगवते, खत थांबले की ते खुरटते. म्हणून तेथे क्लोव्हरसारख्या शेंगावर्गीय वनस्पतींचा आश्रय घ्यावा लागतो. मातीत हेक्टरी सुमारे १००० किलो नायट्रोजनाचा साठा व्हावा आणि पालापाचोळा कुजून तो फिरता राहावा, तेव्हाच भूमी स्वावलंबी होते, असा ब्रॅडशॉ यांचा हिशेब आहे. शिसे व जस्त यांच्या खाणींवरील विषारी मातीची गोष्ट वेगळी. तेथे जुन्या खाणींवर निसर्गानेच निवडलेली ‘मर्लिन’, ‘गोगिनान’ यांसारखी धातुसह गवते उपयोगी पडतात.

हाच निकष गोव्यातील लोहखनिजाच्या ढिगाऱ्यांना लावून पाहण्याजोगा आहे. ‘डंप’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या ढिगाऱ्यांवर ऑस्ट्रेलियन अकेशियाची मोठ्या प्रमाणावर लागवड झाली. हे झाड नायट्रोजन मिळवते खरे; परंतु त्याची चिवट पानगळ सावकाश कुजते. साठा वाढूनही चक्र मंदच राहण्याचा हा प्रकार होय. अशा ठिकाणी किती रोपे जगली एवढीच मोजदाद करणे म्हणजे ग्रंथकारांचा निकष अर्ध्यावर सोडणे आहे. दुरून दिसणाऱ्या हिरवळीवर समाधान मानण्याचा मोह शासनालाच होतो असे नाही, तो संशोधकालाही होतो.

ग्रंथाची मर्यादाही येथेच दिसते. त्यातील अनुभव प्रामुख्याने ब्रिटनच्या रिमझिम पावसातला आहे. कोकणपट्टीत वर्षाचा जवळजवळ सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. तेथे नायट्रोजनाच्या आधी उतार स्थिर करणे आणि वाहते पाणी अडविणे भाग पडते. अन्यथा झाडांनी जमविलेला साठा मातीसह पायथ्याच्या भातशेतांत उतरतो.