चित्र : संज्ञा आणि अर्थविस्तार

चित्र : दृश्य प्रतिमेसाठी मराठीत सर्वाधिक रूढ असलेली संज्ञा. कागद, कापड, भिंत इ. पृष्ठांवर रेषा व रंग यांच्या साहाय्याने साकारलेली आकृती, हा तिचा प्रचलित अर्थ होय. तथापि छायाचित्र, चित्रपट, व्यंगचित्र, शब्दचित्र, व्यक्तिचित्र यांसारखे सामासिक शब्द आणि ‘परिस्थितीचे चित्र’ यासारखे वाक्प्रयोग पाहता हा अर्थ अपुरा ठरतो. ह्या सर्व प्रयोगांत हुबेहूबपणा, म्हणजेच मूळ वस्तूशी असलेले सादृश्य, हे चित्राचे आद्य लक्षण मानण्याची प्रवृत्ती आढळते. शब्दाचा इतिहास मात्र वेगळा आहे आणि तो ध्यानात न घेतल्यामुळे कलासमीक्षेत व साहित्यसमीक्षेत काही गैरसमज दृढ झाले आहेत.

व्युत्पत्ती व प्राचीन अर्थ : ‘चित्र’ शब्दाचा संबंध ‘चित्’ म्हणजे जाणणे, लक्षात येणे या धातूशी जोडला जातो. ऋग्वेदात तो प्रामुख्याने विशेषण म्हणून येतो आणि सूर्य, उषा, अग्नी यांच्या संदर्भात तेजस्वी, ठळकपणे जाणवणारे, असा अर्थ देतो. त्यातूनच पुढे नानावर्णी, विविध आणि अद्भुत हे अर्थ विकसित झाले. चित्रा हे नक्षत्र, त्यावरून आलेले चैत्र हे मासनाम, सूर्य व अग्नी यांना लावले जाणारे चित्रभानू हे नाव आणि अंगावर ठिपके असलेला चित्ता यांत हेच अर्थ टिकून आहेत. मराठीतील ‘विचित्र’ आणि ‘चित्रविचित्र’ हे शब्दही त्याच परंपरेतले होत. अमरकोशाच्या नानार्थवर्गात ‘चित्र’ शब्दाचे आलेख्य आणि आश्चर्य असे दोन अर्थ एकत्र दिले आहेत. जे रेखाटले आहे आणि ज्याने विस्मय वाटतो, त्या दोहोंना एकच नाव असणे अर्थपूर्ण आहे. याउलट प्रतिमा, प्रतिकृती, प्रतिबिंब या शब्दांतील ‘प्रति’ हा उपसर्ग मूळ वस्तूकडे निर्देश करतो. भासाच्या प्रतिमानाटकात दिवंगत राजांच्या पुतळ्यांत दशरथाचा पुतळा दिसल्यावर भरताला पित्याचा मृत्यू कळतो. तेथे प्रतिमा दुसऱ्या व्यक्तीची खूण म्हणून काम करते. ‘चित्र’ या शब्दात असा निर्देश मुळातच नाही.

शास्त्रग्रंथांतील अर्थ : शिल्पशास्त्रात ह्या संज्ञेची व्याप्ती आजच्यापेक्षा मोठी होती. श्रीकुमार याच्या शिल्परत्न (सोळावे शतक) या ग्रंथात चित्र, अर्धचित्र आणि चित्राभास असे तीन प्रकार येतात. सर्व बाजूंनी घडविलेली मूर्ती म्हणजे चित्र, उत्थित शिल्प म्हणजे अर्धचित्र आणि सपाट पृष्ठावर रंगविलेली आकृती म्हणजे चित्राभास. आज ज्याला चित्र म्हटले जाते, त्याला ह्या वर्गीकरणात चित्राचा केवळ आभास मानले आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडातील चित्रसूत्रात मार्कंडेय ऋषी वज्र राजाला सांगतात, की मूर्तीचे लक्षण कळण्यास चित्राचे, चित्र कळण्यास नृत्ताचे आणि नृत्त कळण्यास वाद्य व गीत यांचे ज्ञान आवश्यक आहे. येथे चित्राला कलांच्या एका साखळीत स्थान दिले आहे. कामसूत्रावरील यशोधराच्या जयमंगला टीकेत चित्राची रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजना, सादृश्य व वर्णिकाभंग ही सहा अंगे सांगितली आहेत. त्यांत सादृश्याला जागा आहे. परंतु ती सहांपैकी एका अंगाची आहे.

कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर (कार. सु. ११२६–३८) याच्या मानसोल्लास या ग्रंथातील वर्गीकरण या दृष्टीने विशेष उपयुक्त आहे. आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे मूळ वस्तूशी जुळणारे ते विद्धचित्र आणि मनात आले तसे कल्पनेने काढलेले ते अविद्धचित्र, असा भेद त्यात केलेला आहे. रंगीत चूर्णाने काढलेल्या धूलिचित्राचाही त्यात समावेश असून रांगोळीशी त्याचे नाते उघड आहे. हुबेहूबपणा हा चित्राचा एक प्रकार आहे, सर्वसाधारण लक्षण नव्हे, हे ह्या वर्गीकरणातून स्पष्ट होते.

काव्यशास्त्रातील अर्थ : संस्कृत काव्यशास्त्रात ह्याच संज्ञेला गौणत्वाची छटा आली. आनंदवर्धनाने (नववे शतक) ध्वन्यालोकात रसभावाचे तात्पर्य नसलेल्या आणि केवळ शब्दार्थांच्या वैचित्र्यावर आधारलेल्या रचनेला चित्र म्हटले आणि तिला मुख्य काव्य न मानता काव्याचे अनुकरण ठरविले. मम्मटाने (अकरावे शतक) काव्यप्रकाशात शब्दचित्र व अर्थचित्र असे तिचे भेद करून तिला काव्याच्या तिसऱ्या, कनिष्ठ श्रेणीत ठेवले. भारवीच्या किरातार्जुनीयाचा पंधरावा व माघाच्या शिशुपालवधाचा एकोणिसावा सर्ग यांतील चित्रबंध हे या रचनाप्रकाराचे ठळक नमुने होत. आनंदवर्धनाचा काव्यविषयक निवाडा समर्थनीय आहे. मात्र त्यामागील उपमा चित्रकलेवर अन्याय करणारी आहे. चित्रात आकार असतो पण प्राण नसतो, असे तीत गृहीत धरलेले दिसते. भाव आणि लावण्ययोजना यांना चित्राची अंगे मानणारी परंपरा हे मान्य करणार नाही.

मराठीतील अर्थविस्तार : रंगकाम करणाऱ्या कारागिराला मराठीत चितारी म्हणत आले आहेत, सावंतवाडी व गोवे येथे लाकडी वस्तू लाखेच्या रंगांनी सजविणारे कारागीरही ह्याच नावाने ओळखले जातात. त्यांच्या कामात रंगांची चित्रता मुख्य असते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाच्या चित्रकथी परंपरेत सुट्या कागदांवरील चित्रांची पोथी एकेक पान दाखवत गायनवादनासह रामायण-महाभारतातील कथा सांगितली जाते. येथे चित्र निवेदनावाचून पूर्ण होत नाही आणि निवेदनही चित्राचा आधार घेते.

एकोणिसाव्या शतकात मुंबईतील कलाविद्यालय (१८५७), पुण्याचा चित्रशाळा छापखाना (१८७८) आणि राजा रविवर्मा यांचा शिळाछाप छापखाना (१८९४) यांमुळे यथार्थदर्शी आणि मुद्रित चित्र घरोघर पोहोचले. छायाचित्रणाच्या प्रसाराने सादृश्य हीच चित्राची कसोटी, हा समज पक्का केला. छायाचित्र हा मराठी शब्द मात्र अधिक सावध आहे. छाया म्हणजे सावली, प्रतिबिंब व कांतीही. वस्तूची छाया पडल्याखेरीज छायाचित्र संभवत नाही, असे तो सुचवितो. पूर्वी रंगविलेल्या वस्त्राला लावला जाणारा ‘चित्रपट’ हा शब्द हलत्या चित्रांसाठी रूढ झाला. राजा हरिश्चंद्र (१९१३) या चित्रपटाचे निर्माते दादासाहेब फाळके यांनी चित्रकला, छायाचित्रण व मुद्रण या तिन्हींचे शिक्षण घेतले होते, ही बाब या अर्थांतराच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

समीक्षेतील प्रश्न : मराठी साहित्यसमीक्षेत ‘यथातथ्य चित्रण’ हा गुणगौरवाचा शब्दप्रयोग बनला आहे. त्यामुळे व्यक्तिचित्राचे मूल्य मूळ व्यक्तीशी ताडून ठरविण्याची सवय लागते. व्यंकटेश माडगूळकरांचे माणदेशी माणसं (१९४९) आणि पु. ल. देशपांडे यांचे व्यक्ती आणि वल्ली (१९६२) ही दोन्ही पुस्तके व्यक्तिचित्रांची म्हणून ओळखली जातात. परंतु पहिल्यातील माणसे एका प्रदेशाच्या अनुभवातून आलेली आहेत, तर दुसऱ्यातील बव्हंशी कल्पित आहेत. सोमेश्वराच्या परिभाषेत बोलायचे, तर पहिले विद्धाच्या व दुसरे अविद्धाच्या बाजूला झुकते. दोहोंना एकच मापदंड लावल्यास दुसऱ्यावर अन्याय होतो आणि पहिल्यातील निवड व रचना यांकडे दुर्लक्ष होते. वृत्तपत्रीय भाषेतील ‘राजकीय चित्र स्पष्ट झाले’ हा प्रयोग यापेक्षाही दिशाभूल करणारा आहे. चित्र कोणीतरी काढलेले असते. ‘चित्र स्पष्ट झाले’ असे म्हणताच ते काढणारा दृष्टिआड होतो आणि मताला वस्तुस्थितीचे रूप येते.

एकविसाव्या शतकात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने, मुळात अस्तित्वात नसलेल्या व्यक्तींची व न घडलेल्या प्रसंगांची छायाचित्रसदृश चित्रे तयार होऊ लागल्याने या अर्थभेदाला व्यावहारिक महत्त्व आले आहे. अशा कृतीला चित्र म्हणण्यास हरकत नाही. तिला छायाचित्र म्हणणे मात्र चूक आहे, कारण तिच्यामागे त्या प्रसंगाची छाया नाही. हुबेहूब दिसते म्हणून ते खरे, हा निष्कर्ष ‘चित्र’ या शब्दाच्या जुन्या अर्थांत कोठेही अभिप्रेत नाही. चित्र लक्ष वेधून घेते आणि विस्मय निर्माण करते. त्याची साक्ष ग्राह्य धरावयाची की नाही, हे ते कोणी, कशावरून व कोणत्या हेतूने तयार केले, हे तपासूनच ठरवावे लागते.