पाकजप्रक्रिया आणि तिचे आधुनिक भाष्यकार

कच्चा घट भट्टींत भाजला म्हणजे त्याचा श्याम वर्ण जाऊन रक्त वर्ण येतो. हा पालट नेमका कोठें घडतो, याविषयीं आपल्या दर्शनकारांत दोन पक्ष आहेत. वैशेषिकांच्या पीलुपाकमतें अग्निसंयोगानें घट परमाणूंपर्यंत विघटित होतो, परमाणूंचे गुण पालटतात व त्यांपासून नवा घट उत्पन्न होतो. नैयायिकांच्या पिठरपाकमतें सच्छिद्र घटांत तेज शिरून सबंध अवयवीच पालटतो. आथल्ये-बोडस यांच्या तर्कसंग्रहाच्या आवृत्तींत (१८९७) जिज्ञासूंस हा वाद दीपिकेसह पाहावयास मिळेल.

डॉ. ब्रजेंद्रनाथ सील यांनीं प्रफुल्लचंद्र राय यांच्या हिंदु रसायनाच्या इतिहासाच्या दुसऱ्या भागांत (१९०९) व पुढें स्वतंत्र ग्रंथांत (१९१५) या मतांचें विवरण केलें. त्यांचा व्यासंग निःसंशय थोर. परंतु आधुनिक रसायनाची परिभाषा त्यांनीं इतकी सढळ हातानें योजिली आहे कीं, वाचकास कणाद हा डाल्टनचा पूर्वसूरि वाटावा. आमचा आक्षेप येथेंच आहे. रूप, रस, गंध व स्पर्श हे चारच गुण पाकज, आणि तेही पृथ्वीचेच. गुरुत्वाची गणना पाकजांत नाहीं. म्हणून भाजण्यापूर्वीं व नंतर वजन किती, हा प्रश्नच त्या वादांत उद्भवत नाहीं. आणि लाव्हाझियेच्या १७८९ च्या ग्रंथाचा सारा भर तर तराजूवर! पीलुपाक म्हणजे रासायनिक पालट व पिठरपाक म्हणजे भौतिक, असें समीकरणही टिकणार नाहीं. काजळ-डिंकाच्या शाईंत केवळ मिश्रण असतें. हिरडा-हिराकसाच्या शाईंत नवा पदार्थ बनतो आणि ती कालांतरानें कागदच खाते, हें पोथीसंग्राहकांस सांगणें नलगे. हा भेद त्या दोन पक्षांच्या वादाचा विषयच नव्हे.

याउलट रसरत्नसमुच्चय (आनंदाश्रम, १८९०) पाहावा. रसकापासून जस्त काढतांना मुशीच्या तोंडची ज्वाला निळी जाऊन पांढरी झाली कीं मूस सांडशीनें धरून उपडी करावी, असें तेथें सांगितलें आहे. उपपत्ति दिलेली नाहीं. पण आंतील पालट बाहेरच्या खुणेनें ओळखण्याची ही दृष्टि प्रयोगाची आहे. पदार्थांच्या पालटाचें ज्ञान जितकें वादसभेंत, तितकेंच भट्टीपुढेंही वाढलें.

म्हणून संपादकांस विनंति कीं, सोलापूर-पंढरपूराकडील एखाद्या वैद्यघराण्यांत रसप्रक्रियेचें बाड हातीं आल्यास केवळ मंगलाचरण व पुष्पिका उतरून थांबूं नये. तोळे-मासे, पुटांची संख्या, इंधन, मुशीचें माप हेंही अक्षरशः उतरावें. पूर्वजांचें श्रेय उसन्या परिभाषेनें वाढत नाहीं. त्यांनीं जें पाहिलें, तें जसेंच्या तसें राखल्यानें मात्र तें टिकतें.