‘अ मॅन फॉर ऑल सीझन्स’ : सदसद्विवेक, सत्ता आणि सामान्य माणूस

राजसत्ता आणि व्यक्तीची सदसद्विवेकबुद्धी यांचा संघर्ष अनेक ऐतिहासिक नाटकांच्या केंद्रस्थानी आढळतो. रॉबर्ट बोल्ट यांच्या ‘अ मॅन फॉर ऑल सीझन्स’ (१९६०) या इंग्रजी नाटकाचे वेगळेपण असे की, त्यातील सर थॉमस मोर हुतात्मा होण्यास मुळीच उत्सुक नाही. आठवा हेन्री रोमच्या धर्मसत्तेशी फारकत घेऊ लागताच तो १५३२ मध्ये चान्सलरपद सोडतो. १५३४ मध्ये मागितलेली शपथही तो नाकारतो. मात्र नकाराचे कारण उच्चारत नाही. मौन म्हणजे संमती, या कायद्यातील सूत्राचा तो आश्रय घेतो.

येथे विवेक कायद्याच्या आडोशाला उभा आहे. हा आडोसा मोडण्यासाठी सत्तेला रिचर्ड रिचची खोटी साक्ष वेल्सच्या अ‍ॅटर्नी जनरलपदाच्या मोबदल्यात विकत घ्यावी लागते. १५३५ मध्ये मोरचा शिरच्छेद होतो.

तथापि नाटकाचे मर्म ‘कॉमन मॅन’ या पात्रात आहे. एकच नट मोरचा कारभारी, नावाडी, तुरुंगरक्षक, ज्यूरीचा प्रमुख आणि अखेर जल्लाद होतो. मोरविषयी त्याच्या मनात द्वेष नाही. त्याला केवळ सुखरूप राहायचे आहे. फ्रेड झिनेमान दिग्दर्शित चित्रपटात (१९६६), पटकथा बोल्ट यांचीच असूनही, हे पात्र वगळले गेले. परिणामी मोरची उंची वाढली. प्रेक्षक मात्र आरोपमुक्त झाला.

विवेकाचा बळी घेण्यास सत्तेला नेमून दिलेले काम निमूटपणे करणारी माणसे पुरतात, हा या नाटकाचा इशारा आहे. म्हणूनच अध्यापनात मोरच्या धैर्याइतकीच त्या जल्लादाच्या निरुपद्रवीपणाचीही चर्चा व्हावयास हवी.