नाव एक, पाने तीन

आमच्या सातवीतल्या कन्येने मराठीच्या वर्गासाठी 'श्यामची आई'वर निबंध लिहिला. पहिलेच वाक्य होते, 'हे पुस्तक आचार्य अत्रे यांनी १९५३ साली लिहिले.' मी चष्मा पुसून पुन्हा वाचले. "बाबा, तुमच्याच विकीवर बघितलं," ती म्हणाली.

ते खरेच होते. शारजात बसून आम्ही चौघांनी मंडळाच्या ग्रंथालयासाठी एक छोटा विकी उभारला आहे. त्यातल्या पुस्तकांच्या यादीत 'श्यामची आई'वर टिचकी मारली की उघडत होते ते चित्रपटाचे पान. दुवे जोडणारा साचा माझ्याच हातचा. तेव्हा वाचकहो, आजचे हे परीक्षण दुसऱ्या कोणाच्या नव्हे, माझ्याच कामाचे आहे.

साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. १९५० साली ते गेले. अत्र्यांचा चित्रपट आला १९५३ साली आणि पुढल्या वर्षी त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. चित्रपट थोरच, पण माझ्या एका दुव्याने एका मुलीपुरते का होईना, लेखकाचे नाव पुसले गेले. याला टंकलेखनाची चूक म्हणून सोडून देता येत नाही.

साचा म्हणजे काय, हे घरोघरच्या सोऱ्यावरून समजेल. पीठ तेच, चकती बदलली की चकलीऐवजी शेव पडते. आमच्या साच्यात कृतीचे नाव हे पीठ आणि 'कादंबरी', 'नाटक', 'चित्रपट' ही चकती. लिहिणाऱ्याने चकती घातलीच नाही तर काय करायचे? लोकांना कमीत कमी टंकावे लागावे, या अभियंत्याच्या शहाणपणाने मी ठरवून टाकले की अशा वेळी 'चित्रपट' समजावे. कारण काय, तर चित्रपटांची यादी आधी भरून झाली होती! डॉक्टरेट मिळवलेल्या माणसाने असा आळस करावा, याची आता लाज वाटते.

२००३ साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर या कामाला 'निःसंदिग्धीकरण' असे भारदस्त नाव आहे. एकाच नावाच्या अनेक गोष्टी असतील तर कंसात ओळख द्यायची आणि निवडीसाठी एक वेगळे पान ठेवायचे. इथवर ठीक. पण जे सर्वांत प्रसिद्ध, त्याला बिनकंसाचे नाव द्यावे, हा विश्वकोशी प्रघात मला साहित्याच्या बाबतीत पटत नाही. 'नटसम्राट' म्हटले की आमच्या वडिलांना १९७०चे नाटक आणि डॉ. लागू आठवतात, इथे वाढलेल्या मुलांना २०१६चा चित्रपट आणि नाना पाटेकर. प्रसिद्धी पिढीगणिक घर बदलते.

'फकिरा'चे तर त्याहून अवघड. अण्णाभाऊ साठ्यांची १९५९ची कादंबरी, तिच्यावरचा चित्रपट आणि ज्याच्यावरून कादंबरी सुचली तो खराखुरा बंडखोर फकिरा. तिथे चुकीचा दुवा दिला तर इतिहासातला माणूस आणि कल्पनेतला नायक एकमेकांत मिसळतात.

नुसता प्रकार लिहूनही भागत नाही. 'श्यामची आई' २०२३ साली पुन्हा पडद्यावर आली. म्हणजे चित्रपटाला सालही हवे. शिवाय मराठीची स्वतःची एक अडचण आहे. इंग्रजीत शीर्षक वाक्यात कुठेही बसवा, ते जसेच्या तसे राहते. आपण मात्र 'श्यामच्या आईने' लिहितो. मिलिंद बोकिलांच्या 'शाळा'बद्दल कोणी ''शाळा'त' लिहितो, कोणी 'शाळेत'. इंग्रजीवरून उचललेल्या साच्यात या सामान्यरूपाला जागाच नव्हती. लोक कंटाळून दुवा द्यायचेच टाळत.

म्हणून साचा नव्याने केला. बिनकंसाचे नाव कोणालाच नाही. तिथे फक्त निवडीचे पान. प्रकार लिहिला नाही तर साचा अंदाज करीत नाही, लाल अक्षरांत 'कोणती कृती?' असे विचारतो. चित्रपटाला साल सक्तीचे. आणि वाक्यात दिसणारे रूप लिहिणाऱ्याच्या हाती. टंकायला चार अक्षरे जास्त लागतात, अशी एका सहकाऱ्याची तक्रार आहे. ती खरी आहे. पण ती चार अक्षरे टंकताना आपण नक्की कशाबद्दल बोलतो आहोत, याचा क्षणभर विचार करावा लागतो आणि तोच मला हवा आहे.

असो. निबंध दुरुस्त झाला. कन्येने मूळ पुस्तक मागून घेतले आणि शुक्रवारी दुपारी आईजवळ बसून त्यातली पहिली रात्र वाचली. दुवा अखेर योग्य पानाला लागला.