बाराव्या अक्षरावरचा श्वास

लग्नात भाषण करायची आपल्याकडे रीत नाही म्हणतात. मला ते पटत नाही. अंतरपाट धरलेला आहे, मुठीत अक्षता घेऊन मांडवभर माणसं उभी आहेत, गुरुजी घड्याळाकडे बघत म्हणतात, “आता मुलीच्या मामी म्हणतील,” आणि मामी चार घड्यांचा कागद उलगडत माइकपाशी येतात. हे भाषणच आहे, फक्त वृत्तात बांधलेलं. घरी रचलेल्या मंगलाष्टकाकडे साहित्य म्हणून कुणी बघत नाही. पण ते नीट ऐकलं तर घाबरलेल्या माणसाला उभं कसं करावं, याची त्यात फार जुनी आणि पक्की सोय केलेली दिसते.

ती सोय शार्दूलविक्रीडित या वृत्ताची. गण म, स, ज, स, त, त आणि शेवटी ग. अक्षरं एकोणीस, यती म्हणजे थांबा बाराव्यावर. ओळीची सुरुवातच तीन गुरूंनी होते. कापरा आवाज या तीन लांब अक्षरांवर टेकतो आणि सावरतो. पुढे चाल वेग घेते, नवव्या अक्षरापासून सलग तीन लघू येतात, आणि धावत आलेली ओळ बाराव्या गुरूवर थांबते. इथे श्वास. उरलेली सात अक्षरं झोक्यासारखी: दोन लांब एक आखूड, दोन लांब एक आखूड, शेवटी एक लांब. पारंपरिक अष्टकात ‘कुर्यात् सदा मंगलम्’चं पालुपद नेमकं या सात अक्षरांच्या जागेत बसतं. ते सगळ्या मांडवाला पाठ असतं, त्यामुळे म्हणणारी अडखळली तरी मागून चार आवाज तिला हात देतात.

नमुन्यादाखल दोन ओळी जुळवून बघतो:

शाळेला निघता जिने रडुनिया हैराण केले घरा
आता तीच उभी इथे न रडता, डोळे पुसे बाप हा

पहिली ओळ निव्वळ तक्रार आहे. ऐकणाऱ्या काकवा-मावश्यांना ते वर्ष आठवतं, थोडं हसू येतं. गंमत दुसरीत आहे. ‘न रडता’ची पहिली तीन अक्षरं त्याच तीन लघूंवर पडतात, म्हणजे बोलणं भराभरा पुढे सरकतं, आणि ‘ता’वर यती. क्षणभर काहीच नाही. मुलगी रडत नाही, मग पुढे काय? श्वास घेऊन मामी म्हणतात, ‘डोळे पुसे बाप हा’, आणि सगळ्यांच्या माना मुलीच्या बापाकडे वळतात. त्यातही ‘हा’ महत्त्वाचा. तो नसता तर कुठलाही बाप चालला असता. हे काम गोड गळ्याचं नाही, यतीवर न घाबरता थांबण्याचं आहे. जी बाई तिथे श्वास गिळून पुढे पळते तिची ओळ वाया जाते, मग सूर कितीही सच्चा असो.

बिघडतं कुठे? नावांत. आजी-आजोबा, तिन्ही आत्या, अमेरिकेतला दादा, सगळे ओळीत कोंबायचे. ‘सुनीता’ हे लघू-गुरू-गुरू नाव या वृत्तात पंधराव्या अक्षरापासून सुखाने बसतं. पण रचणारीने ते अकराव्यावर टाकलं की आत्याबाई यतीवर मोडतात: ‘सुनी’ म्हणून श्वास, मग ‘ता’. मांडवात खसखस पिकते आणि म्हणणारीचा धीर जातो. ‘विनायक’ तर सातव्या ते दहाव्या अक्षरातच बसतो. दुसरीकडे घातला की कुठला तरी स्वर ओढावा लागतो.

हे वृत्त एकट्या मराठीचं नाही. कन्नडमधल्या ‘ख्यात कर्नाटक’ म्हणून नावाजलेल्या सहा वृत्तांत शार्दूलविक्रीडित आहेच. कन्नड काव्य ऐकलेल्या म्हाताऱ्याला आपल्या मामींचे शब्द कळणार नाहीत, चाल मात्र ओळखीची वाटेल. कन्नडमध्ये काव्यवाचनाची ‘गमक’ नावाची वेगळी कलाच आहे. कवी कुमारव्यासाचं महाभारत गमकी रागात म्हणतो, पण तालाला बांधून घेत नाही, कारण अर्थ तुटता कामा नये. आपल्याकडे उलटं झालंय. मंगलाष्टकं सिनेमाच्या चालींवर, मागे की-बोर्ड लावून म्हणतात. चाल सुरेख असते आणि शब्द कुणाच्या कानावर पडत नाहीत. हौस आहे, असू दे. पण त्या चालीत यती बुडते, आणि यती बुडाली की सांगायचं तेही बुडतं.

लांबीबद्दलही बोललं पाहिजे. मुहूर्त टळत असताना अकरावं कडवं सुरू झालं की मागच्या रांगेतून अक्षता उडू लागतात. तो पाहुण्यांचा अभिप्राय समजावा.

तेव्हा पुढच्या लग्नात तुमच्यावर पाळी आली, तर एकच कडवं लिहा. त्यात त्या मुलीची किंवा मुलाची एकच खरी गोष्ट घाला, आदल्या दिवशी मोठ्याने चार वेळा म्हणा आणि बाराव्या अक्षरावर बिनधास्त थांबा. नातेवाइकांची यादी गाळा. नावं पत्रिकेत छापलेली असतातच.