तुलना कुठे तोकडी पडते? : गांधीजींचा ‘द ज्यूज’ लेख वाचताना

ज्यूद्वेष म्हटलं की आपण म्हणतो, ‘तो युरोपचा विषय, आपल्याला काय त्याचं?’ पण त्यावरचा एक वादग्रस्त लेख आपल्या वर्धा जिल्ह्यात लिहिला गेलाय. कारंजा (घाडगे) तालुक्यातल्या तुमच्यापैकी अनेकांनी सेवाग्राम पाहिलं असेल. त्या गावाचं नाव शेगाव होतं तेव्हा, २० नोव्हेंबर १९३८ रोजी, गांधीजींनी तिथून ‘द ज्यूज’ लिहिला. २६ तारखेच्या ‘हरिजन’मध्ये तो छापून आला. लेख लिहिला तेव्हा जर्मनीत ज्यूंची दुकानं फोडून प्रार्थनास्थळं जाळल्याला दोन आठवडेही झाले नव्हते.

लेखाचं बळ एका तुलनेत आहे. ख्रिस्ती समाजात ज्यूंचं जे झालं ते हिंदू समाजातल्या अस्पृश्यांसारखंच, आणि दोन्हीकडे अन्यायाला धर्माचा आधार दिला गेला, असं गांधीजी म्हणतात. परक्या देशातलं दुःख समजून घ्यायला ते आधी आपल्या घरातला दोष दाखवतात. हे मोलाचं आहे.

पण पुढे ते दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांचं उदाहरण देऊन जर्मनीतल्या ज्यूंना सत्याग्रह सुचवतात. तिथे युक्तिवाद लंगडा पडतो. मार्टिन बुबर यांनी फेब्रुवारी १९३९ मध्ये जेरुसलेमहून लिहिलेल्या पत्रात नेमकं यावरच बोट ठेवलं : आफ्रिकेतल्या भारतीयांच्या पाठीशी एक अख्खा देश होता, आणि छळछावणीत कुणाला दिसणारही नाही अशा मरणाची साक्ष कोण देणार?

मला आणखी एक फरक महत्त्वाचा वाटतो. अस्पृश्यता माणसाला खालचा ठरवून त्याच्याकडून कामं करून घेते. आधुनिक ज्यूद्वेष मात्र ज्यूंना लपून जग चालवणारे ठरवतो. म्हणून त्याचा शेवट राबवून घेण्यात होत नाही, संपवून टाकण्यात होतो. ‘सगळ्या बँका त्यांच्याच हातात’ हा व्हॉट्सअॅप फॉरवर्ड त्याच साच्यातला. आणि बरं का, ‘ज्यू जगात सर्वांत हुशार, म्हणून जग त्यांच्या मुठीत’ हे कौतुकही त्याच साच्यातलं! आपल्या कोकणात पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवतात म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले गेलेले बेने इस्रायल या साच्यात कुठे बसवणार?

याच लेखात गांधीजी ज्यूंविषयी सहानुभूती सांगतात आणि पॅलेस्टाइन अरबांवर लादून ज्यूंना देण्याला विरोधही करतात. तुम्ही त्यांच्याशी सहमत असा-नसा, एक गोष्ट यातून दिसते. राजकीय मागणीला विरोध आणि माणसांचा द्वेष, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इस्रायल सरकारवर टीका करताना ‘सरकार’च्या जागी ‘ज्यू’ हा शब्द घुसला की थांबा आणि वाक्य परत वाचा.

प्रबंधात तुलना वापरणार असाल तर वहीत दोन रकाने आखा : काय जुळतं, काय जुळत नाही. उपाय सुचवण्याआधी दुसरा रकाना भरा. १९३८ च्या या लेखात तो नीट भरला गेला नाही.