'भ्रूणहत्या' हा शब्द आणि सुखात्मे यांचा बचाव

विजय तेंडुलकर यांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे १९६७ साली रंगभूमीवर आलेले नाटक, समाजाने एका स्त्रीवर केलेल्या अन्यायाचे चित्र म्हणून वाचले जाते. हे वाचन चुकीचे नाही. मात्र ते अपुरे आहे. छत्रपती संभाजीनगरात १९८१ पासून उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे आणि न्यायालयीन भाषा आपल्या विद्यार्थ्यांना परकी नाही. त्यांनी हे नाटक एकदा बचावाच्या वकिलाच्या जागेवरून वाचावे, एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

लीला बेणारे हिच्यावर अभिरूप न्यायालयात भ्रूणहत्येचा आरोप ठेवला जातो. कलम सांगितले जाते ते भारतीय दंडविधानाचे ३०२, म्हणजे खुनाच्या शिक्षेचे. परंतु त्याच विधानातील कलम २९९ च्या तिसऱ्या स्पष्टीकरणानुसार मातेच्या उदरातील मुलाचा मृत्यू घडविणे हा मनुष्यवध ठरत नाही. गर्भपाताचा गुन्हा कलम ३१२ पासून स्वतंत्रपणे सांगितला आहे. म्हणजे आरोप मुळातच टिकणारा नव्हता. तो टिकल्यासारखा भासतो, तो 'हत्या' ह्या उत्तरपदामुळे. धर्मशास्त्रातील पातकाचा शब्द कायद्याच्या कलमाला सहज चिकटतो आणि कोणासही विसंगती जाणवत नाही.

ती जाणवावयास हवी होती सुखात्मे यांना. ते फिर्यादीचे वकील आहेत आणि आरोपीचेही. आरोपीलाच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले जाते, तेव्हा संविधानाच्या अनुच्छेद २० (३) चे स्मरण त्यांना होत नाही. न्यायाधीश काशीकर स्वतः साक्ष देतात, तेव्हाही हरकत निघत नाही. शेवटी बचावाच्या नावाखाली ते गुन्हा मान्य करून दयेची याचना करतात.

हा तर खेळ, त्याला कायदा कसला, असा आक्षेप येथे घेता येईल. पण खेळणाऱ्यांनी शपथ, पुकारा, संबोधने ही सारी बाह्यांगे जपली आहेत. गाळला आहे तो केवळ बचाव. ही निवड अर्थपूर्ण आहे.

नाटकाची मर्यादाही येथेच दिसते. बेणारेचे दीर्घ स्वगत प्रेक्षकाची करुणा जागवते. तिचा हक्क मात्र कोणीच उच्चारीत नाही. भ्रूणहत्येचा आरोप ठेवणारे न्यायालय अखेरीस गर्भ नष्ट करण्याचीच आज्ञा देते. हा उपरोध विदारक आहे. पण आरोपाचे कलमच चुकीचे होते, हे प्रेक्षकाला कळत नाही.

१९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याने काही अटींवर गर्भपातास मुभा दिली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली. कलमांचे क्रमांक बदलले. वरील स्पष्टीकरण कलम १०० मध्ये कायम आहे. 'भ्रूणहत्या' हा शब्दही व्यवहारात कायम आहे. म्हणून आरोपपत्र वाचताना पहिला प्रश्न शब्दाविषयी विचारावा: ह्या शब्दाने कायद्यातील व्याख्या सांगितली आहे, की निकालच सांगून टाकला आहे? बचावाचा आरंभ ह्या प्रश्नापासून होतो. सुखात्मे यांनी तो विचारला नाही.